रनिंग गेम दर चार सामन्यांनी बसतो तेव्हा

अमेरिकन फुटबॉलच्या मॅनेजर-सिममध्ये टीम आपण चालवतो, सामना कॉम्प्युटर खेळवतो. तिथे रनिंग गेम, म्हणजे बॉल हातात घेऊन पळत पुढे जाणं (अशी एक धाव म्हणजे एक कॅरी), बसला की तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "सुरुवातीचे तीन-चार सामने रनिंग गेम मस्त चालला. मी काहीएक बदललं नाही. आता कॅरीमागे तीन यार्डही निघत नाहीत." आणि लगेच पुढचं वाक्य: "कुणाकडे चांगला रनिंग बॅक आहे का ट्रेडला?"

बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, घेऊ नका, निदान आज तरी नको. मी तीन सीझन हाच उद्योग केला. तीन बॅक बदलले, त्यातल्या एकासाठी पुढच्या ड्राफ्टचा (नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांचा) पहिल्या फेरीचा पिक घालवला. दर वेळी दोन-तीन सामने गाडी पळायची आणि पुन्हा त्याच वळणावर बंद पडायची. "मी काहीएक बदललं नाही" या वाक्यातच सगळा घोळ होता, हे फार उशिरा लक्षात आलं. मी बदललं नव्हतं, पण समोरच्यांनी बदललं होतं.

मी खेळतो त्या सिममध्ये बटणं दाबायची नसतात. डेप्थ चार्ट (कुठल्या जागी कोण खेळणार याची यादी) लावायचा, प्लेबुक (चालींचा संच) भरायचं, कुठल्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितव्याला) कुठल्या फॉर्मेशनमधून (खेळाडूंच्या मांडणीतून) किती टक्के रन हे ठरवून ठेवायचं. सामना आपल्याकडच्या पहाटे सर्व्हरवर होतो आणि सकाळी चहाबरोबर एकेक प्ले वाचायचा. लीगमध्ये ३२ टीम, आणि कॉम्प्युटर एकही चालवत नाही, सगळीकडे माणसं. तुमचा लॉग तुमच्याइतकाच त्यांनाही दिसतो. तुमचं सिम वेगळं असेल तर बटणांची नावं वेगळी असतील, पण एका लाइनच्या, म्हणजे अडवणाऱ्या पुढच्या फळीच्या, पाच जणांनी सात जणांना अडवायचं हे गणित सगळीकडे तेच.

दोन मिनिटांत होणारी तपासणी आधी

डेप्थ चार्ट उघडा. लाइनमध्ये मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. लेफ्ट गार्डच्या जागी खरंच गार्ड खेळतोय ना? जखमी खेळाडूच्या जागी सिम आपोआप जो माणूस बसवतं तो कधीकधी राखीव सेंटर असतो, कधी उजवा टॅकल. एकदा माझा रन तीन सामने डावीकडून मरत होता आणि मी प्लेबुकची उलथापालथ करत बसलो होतो. शेवटी कळलं की तिथे एक टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा) गार्ड म्हणून उभा आहे. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष.

दमणूकही बघा. पहिल्या बॅकला २५ कॅरी आणि दुसऱ्याला दोन, अशी वाटणी असेल तर चौथ्या क्वार्टरचे आकडे वेगळे काढून बघा. ते एकदम पडत असतील तर औषध सोपं आहे: दुसऱ्याला दर तिसरी सिरीज (बॉल आपल्याकडे असतानाची एक खेळी) द्या. या दोन्ही गोष्टी ठीक असतील तरच पुढे वाचा.

खरंच बिघडलंय का?

हा भाग लोकांना आवडत नाही, कारण यात कधीकधी "काहीच करू नका" असं उत्तर निघतं.

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, गेली काही वर्षं कॅरीमागची सरासरी सव्वाचार ते साडेचार यार्डांच्या आसपास असते. चांगली सिम हीच पट्टी डोळ्यासमोर ठेवून बनवलेली असतात. पण एकेक कॅरी म्हणजे चार-चार यार्डांची विटेवर वीट नव्हे. दोन, शून्य, तीन, वजा दोन, चौदा, एक असा तो प्रकार असतो. एका कॅरीचा फैलाव साधारण सहा यार्डांचा धरला तर २० कॅरींच्या सामन्यात सरासरी सव्वा-दीड यार्ड नुसत्या नशिबानं वरखाली होते. म्हणजे ४.३ची टीम एखाद्या सामन्यात ३.० दाखवेल आणि पुढच्यात ५.५, आणि मधल्या काळात कुणाच्याही अंगात काही बदललेलं नसेल. चार सामन्यांच्या ८० कॅरी एकत्र घेतल्या की हा झोका निम्म्यावर येतो. म्हणून एका सामन्यावरून मी आता काहीच ठरवत नाही. चार सामने लागतातच.

यावर कुणी वाद घातला की मी बॅरी सँडर्सचं नाव घेतो. १९९४च्या सीझनमध्ये डेट्रॉइट लायन्सच्या या पठ्ठ्यानं १,८८३ यार्ड काढले, लीगमध्ये सर्वांत जास्त, कॅरीमागे ५.७. आणि ३१ डिसेंबरला ग्रीन बेमध्ये प्लेऑफचा सामना झाला त्यात १३ कॅरींत त्याचे यार्ड होते वजा एक. लायन्स १६-१२ हरले. त्या रात्री तुम्ही त्याला ट्रेड केलं असतंत का?

सरासरी उलट्या दिशेनंही फसवते. २० कॅरी, ९२ यार्ड, सरासरी ४.६. छान दिसतंय. पण त्यात एकच रन ६२ यार्डांचा असेल तर उरलेल्या १९ कॅरींत ३० यार्ड, म्हणजे दीडच्या थोडं वर. अशा सामन्यात तुमचा क्वार्टरबॅक (बॉल देणारा आणि पास टाकणारा) दिवसभर तिसऱ्या डाउनला आठ-नऊ यार्ड शोधत फिरलेला असतो. तेव्हा सरासरी बाजूला ठेवा आणि प्रत्येक कॅरीला पास-नापास द्या. पहिल्या डाउनला लागणाऱ्या यार्डांपैकी ४० टक्के मिळाले तर पास, दुसऱ्याला ६० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पुरते. पहिल्या डाउनला दहा हवेत आणि चार मिळाले, झाला पास. तिसऱ्या डाउनला एक हवा होता आणि एक मिळाला, तोही पास, जरी त्यानं सरासरी खाली ओढली तरी. निम्म्याच्या आसपास पास होत असतील तर रनिंग गेम धडधाकट आहे. तुमची हार दुसरीकडे कुठेतरी आहे.

मोजताना फक्त अटीतटीच्या वेळचे रन घ्या. मी आठ गुणांच्या आतला फरक धरतो, आणि दोन्ही हाफची शेवटची दोन मिनिटं सोडून देतो. वीस गुणांनी पुढे असताना घड्याळ संपवण्यासाठी केलेले रन समोरच्याला आधीच माहीत असतात, ते मरणारच. वीसनं मागे असताना तिसऱ्या डाउनला पंधरा हवेत तेव्हा मिळालेले नऊ यार्ड समोरच्यानं दान दिलेले असतात. "३० वेळा रन केला की आम्ही जिंकतो" असं सांगणाऱ्या मॅनेजरनंही हीच चूक केलेली असते. जिंकत असतो म्हणून तो ३० वेळा रन करतो.

रन कुठे मेला?

आता वही घ्या. खरोखरची वही, किंवा एक्सेल. चार सामन्यांचे अटीतटीचे रन घ्या आणि प्रत्येकाची नोंद चारपैकी एका रकान्यात करा: लाइनच्या मागे (बॉल जिथून सुरू झाला त्याच्याही मागे) अडला, शून्य ते दोन यार्ड, तीन ते पाच, सहा किंवा जास्त. शेजारी रन आत होता की बाहेरून, कुठल्या फॉर्मेशनमधून, आणि लॉगमध्ये टॅकल करणारा, म्हणजे बॅकला पाडणारा, कोण हे लिहा. तासाभराचं काम आहे. माझ्या तीन बॅकांपेक्षा या तासानं जास्त दिलं, हे लाज वाटत असली तरी सांगतो.

टॅकल करणाऱ्याची जागा सर्वांत बोलकी असते. समोरचा डिफेन्सिव्ह टॅकल किंवा एंड (बचावाच्या पहिल्या फळीतले) लाइनच्या मागेच तुमच्या बॅकला धरत असेल तर तुमचा एखादा लाइनमन सरळ कुस्ती हरतोय, किंवा त्याला झेपणार नाही असा ब्लॉक तुम्ही त्याच्या माथी मारलाय. एक-दोन यार्डांवर लाइनबॅकर (दुसऱ्या फळीतला) धरत असेल तर लाइननं पहिली फळी अडवली पण दुसऱ्या फळीपर्यंत कुणी पोहोचलं नाही. एक-दोन यार्डांवर सेफ्टी (सर्वांत मागे उभा राहणारा) टॅकल करत असेल तर थांबा, हा फार मोठा इशारा आहे. सेफ्टी तिथे असायला नको. तो तिथे आहे याचा अर्थ त्याला खाली आणून ठेवलाय.

आणि चार-पाच यार्ड नेहमी मिळतात पण वीस कधीच नाहीत, असं असेल तर, आणि मुख्यत्वे तेव्हाच, बॅकच्या वेगाबद्दल बोलू.

आधी डोकी मोजा

रनमध्ये बॉल घेऊन पळणारा एक आणि तो देऊन मोकळा झालेला क्वार्टरबॅक दुसरा. अकरातून दोन गेले, उरले नऊ. समोर मात्र अकराच्या अकरा टॅकल करायला मोकळे. म्हणजे साध्या हँडऑफमध्ये (बॉल बॅकच्या हातात देण्यात) समोरच्याकडे दोन माणसं कायम जास्त. बहुतेक वेळा हे दोघे मागे उभे असलेले सेफ्टी असतात आणि ते पोहोचेपर्यंत आपले पाच यार्ड झालेले असतात. त्यातला एक पुढे आला की गणित बिघडतं.

लाइनच्या आसपास, चार-पाच यार्डांच्या पट्ट्यात जे बचावपटू उभे असतात त्याला बॉक्स म्हणतात. एक बॅक, एक टाइट एंड आणि तीन रिसीव्हर (पास झेलणारे) लावलेत तर तुमचे तिथले ब्लॉकर सहा: लाइनचे पाच आणि टाइट एंड. समोर बॉक्समध्ये सहा असतील तर प्रत्येकाला एक. सात असतील तर एक मोकळा, आणि तो मोकळा माणूस तुमच्या बॅकची गाठ घेणारच, मग बॅकच्या वेगाचा आकडा ९० असो की ७०. क्रिकेटमध्ये कव्हरला फिल्डर उभा आहे आणि आपण कव्हर ड्राइव्ह किती देखणा मारतो यावर चर्चा करतोय, तसं ते.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे आणखी ब्लॉकर आणा. फुलबॅक (बॅकच्या पुढे पळून वाट काढणारा) आणा, दुसरा टाइट एंड आणा. मीही तेच केलं होतं. अडचण अशी की तुम्ही दोन जड माणसं आणलीत की समोरचाही दोन हलकी माणसं काढून दोन जड आणतो. आठ ब्लॉकर विरुद्ध नऊचा बॉक्स. चेंगराचेंगरी वाढली, मोकळा माणूस तसाच राहिला, आणि आता तो शंभर किलोच्या वरचा आहे.

उलटं करून बघा. तीन रिसीव्हर मैदानात ठेवा आणि ते पसरवून लावा. समोरचा शहाणा असेल तर त्याला एक लाइनबॅकर काढून पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (पास अडवणारा हलका बचावपटू) आणावा लागतो. बॉक्स सहावर येतो. आता इथून रन करा. रिसीव्हर ब्लॉक करत नाहीत असं वाटेल, पण ते आपापल्या माणसाला पंधरा यार्ड लांब उभं करून ठेवतात, हाही ब्लॉकच झाला. आणि समोरच्यानं तरीही जड माणसं ठेवली तर त्या लाइनबॅकरच्या अंगावर स्लॉट रिसीव्हर (आतल्या बाजूला उभा असलेला) सोडा आणि पास टाका. तो पुढच्या सिरीजला माणूस बदलतो.

क्वार्टरबॅक पळणारा असेल तर आणखी एक वाट आहे. शेवटच्या डिफेन्सिव्ह एंडला मुद्दाम ब्लॉक करायचंच नाही; तो बॅककडे झेपावला तर क्वार्टरबॅक बॉल स्वतःकडे ठेवतो, तो थांबला तर बॅकला देतो. ज्याला कुणी हात लावला नाही तोही हिशेबातून बाद. पण क्वार्टरबॅक जखमी झाला तर मला शिव्या देऊ नका.

भाच्यानं सांगितलेलं

आमच्या लीगमध्ये माझा एक भाचा आहे. टेक्सासमध्ये वाढलेला, शाळेत शुक्रवारी रात्रीचे फुटबॉलचे सामने बघत मोठा झालेला. त्यानं मला सलग चार वेळा हरवलं आणि चारही वेळा माझा रन त्यानं तीन यार्डांच्या आत गाडला. पाचव्या वेळेआधी मी फोनवर विचारलंच.

"मामा, रागावणार नाहीस ना?"

"सांग रे."

"तुझा फुलबॅक मैदानात आला की मी डोळे मिटून सांगतो, रन आहे. तोही उजवीकडे. तुझ्या मागच्या सहा सामन्यांचा लॉग काढ आणि स्वतःच बघ."

काढला. फुलबॅक असताना दहापैकी नऊ वेळा रन, आणि त्यातले बहुतेक उजव्या गार्डमागून, कारण उजवा गार्ड माझा सर्वांत चांगला लाइनमन होता. मला वाटत होतं मी बलस्थान वापरतोय. भाचा त्या फॉर्मेशनला एकच सेटिंग करून ठेवायचा: फुलबॅक दिसला की सेफ्टी खाली, रनचा अंदाज, उजवीकडे झुकाव. त्याला त्यासाठी पाच मिनिटं लागली असतील.

दर चार सामन्यांनी रनिंग गेम का बसायचा याचं उत्तर मला तिथे मिळालं. लॉगमधून सवय ओळखायला समोरच्याला तीन-चार सामन्यांचा मजकूर लागतो. तेवढा जमला की तुमची खूण त्याला कळते. नवा बॅक आला की मी उत्साहानं प्लेबुकमध्येही चार नव्या गोष्टी घालायचो, त्यामुळे जुनी खूण पुसली जायची आणि दोन-तीन सामने रन चालायचा. श्रेय बॅकला जायचं. मग मी पुन्हा जुन्या सवयीवर यायचो.

म्हणून आता वहीत आणखी एक पान असतं: प्रत्येक फॉर्मेशनमधून, प्रत्येक डाउनला, किती टक्के रन आणि कुठल्या बाजूला. एकूण रन ४५ टक्के असणं बिनमहत्त्वाचं आहे. ९० टक्के रनचं एक फॉर्मेशन आणि १० टक्क्यांचं दुसरं मिळूनही एकूण निम्मे रन होतात, आणि तरी समोरच्याला प्रत्येक प्ले आधी माहीत असतो. कुठल्याही फॉर्मेशनमध्ये रन ७०च्या वर किंवा ३०च्या खाली गेला की मी ते दुरुस्त करतो. तिसऱ्या डाउनला एक यार्ड हवा असेल ती वेळ वेगळी; तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि प्रश्न फक्त ताकदीचा असतो.

दुरुस्तीचा मार्ग सोपा आहे पण मन धजत नाही. जिथून रन करता तिथूनच प्ले अॅक्शन पास टाका: क्वार्टरबॅक बॅकला बॉल दिल्यासारखं करतो आणि पास टाकतो. इथे एक जुना समज मध्ये येतो, की आधी रन "बसवावा" लागतो, मगच प्ले अॅक्शन चालतो. एनएफएलच्या आकडेवारीत याला आधार सापडलेला नाही; रन वाईट चालणाऱ्या टीमचाही प्ले अॅक्शन चालतो, कारण लाइनबॅकरला शिकवलेलंच असतं की हँडऑफ दिसला की पुढे ये. तेव्हा रन सुधारण्याची वाट बघू नका. फुलबॅक असताना दहातल्या चार वेळा पास टाका. भाच्याची ती एक सेटिंग पुढच्या सामन्यात त्याच्याच अंगाशी येईल. आली. टाइट एंड मोकळा सुटून ४० यार्ड गेला आणि मला रात्री एकच शब्दाचा मेसेज आला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

कात्रजचा घाट

समोरच्याला खूण कळली आहे हे तुम्हाला कळलं, तर तीच खूण विकता येते. सगळ्यांनी उजवीकडे पाऊल टाकायचं, बॅकनंही, आणि मग बॉल डावीकडे. उजवीकडचे गार्ड आणि टॅकल लाइनमागून डावीकडे पळत जाऊन वाट उघडतात. याला काउंटर म्हणतात, आणि मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागू नये. बैलांच्या शिंगांवरचे पलिते कात्रजकडे, आपण भलतीकडे.

प्रशिक्षक जो गिब्सच्या वॉशिंग्टन टीमनं १९८०च्या दशकात यावर राज्य केलं. ३१ जानेवारी १९८८च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, डेन्व्हरविरुद्ध टिमी स्मिथ नावाच्या नवख्या बॅकनं २२ कॅरींत २०४ यार्ड काढले. सुपर बोलमधला तो विक्रम अजून मोडलेला नाही. आणि त्या आधीच्या अख्ख्या नियमित सीझनमध्ये स्मिथच्या कॅरी होत्या २९. त्यानंतरही त्याचं नाव फारसं झालं नाही. वाट लाइननं उघडली होती.

काउंटरची अडचण अशी की तो हळू उलगडतो. समोरचा डिफेन्सिव्ह टॅकल फार चपळ असेल तर फसवणूक पूर्ण होण्याआधीच तो बॅकच्या गळ्यात पडलेला असतो. वहीत "लाइनच्या मागे" हा रकाना भरलेला असेल तर काउंटर वाढवू नका, आधी ते भोक बुजवा.

लाइन एका प्रकारची, प्लेबुक दुसऱ्या प्रकारचं

ते भोक बहुधा इथे सापडतं. रन ब्लॉकिंगच्या ढोबळ दोन तऱ्हा. झोनमध्ये पाचही लाइनमन एकाच दिशेला पाऊल टाकतात, आपल्या पट्ट्यात जो येईल त्याला घेतात, दोघं मिळून एकाला ढकलतात आणि त्यातला एक सुटून लाइनबॅकरकडे जातो. बॅक फट शोधतो, एक वळण घेतो आणि पळतो. याला चपळ माणसं लागतात. दुसऱ्या तऱ्हेत वाट आधीच ठरलेली असते. सगळे एका बाजूला दाबतात आणि एखादा गार्ड पलीकडून येऊन दार उघडतो. याला ताकद आणि वजन लागतं, फक्त तो धावणारा गार्ड तेवढा हलका हवा.

माझ्या लाइनमध्ये तिघे भीमकाय होते, ताकद भरपूर, चपळाई नावाला. आणि प्लेबुकमध्ये बाहेरच्या झोनचे रन निम्म्याहून जास्त, कारण कुठेतरी वाचलं होतं की झोन आधुनिक आहे. ते तिघे बाजूला सरकेपर्यंत डिफेन्सिव्ह एंड आत आलेला असायचा. "रन ब्लॉकिंग" हा एकच एकत्रित आकडा बघून मी खूश होतो. त्यामागचे ताकद आणि चपळाईचे आकडे वेगळे उघडून बघितलेच नव्हते. प्लेबुक बदललं, खेळाडू तेच ठेवले, आणि मागे अडणारे रन पुढच्या चार सामन्यांत अर्ध्यावर आले.

लाइन आणि पद्धत जुळली की काय होतं याचं ठळक उदाहरण म्हणजे मुख्य प्रशिक्षक माइक शॅनहनचे डेन्व्हर ब्रॉंकोज. लाइनचे प्रशिक्षक अॅलेक्स गिब्स, लाइनमन त्या काळाच्या मानानं हलके आणि चपळ, पद्धत झोन. बॅक टेरेल डेव्हिस १९९५ला ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत घेतलेला. १९९८ला त्यानं २,००८ यार्ड काढले. १९९९ला तो जखमी झाला, तर ओलांडिस गॅरीनं १,१५९ काढले. २०००मध्ये माइक अँडरसननं १,४८७, तोही सहाव्या फेरीचा. २००२मध्ये क्लिंटन पोर्टिस, १,५०८. त्याला दुसरीकडे पाठवून टाकला, तर २००४ला रूबेन ड्रोन्सनं १,२४०. बॅक बदलत राहिले, यार्ड येत राहिले. डेव्हिस मोठा खेळाडू होताच, पोर्टिसनंही पुढे वॉशिंग्टनमध्ये स्वतःला सिद्ध केलं. बॅकला काहीच किंमत नाही असं मी म्हणत नाही. पण ट्रेडची किंमत मोजताना ही यादी डोळ्यासमोर ठेवा आणि मग तोच पिक सेंटरवर किंवा गार्डवर घालायचा का ते ठरवा.

शेवटच्या एका यार्डाचं

यावर फार लिहिण्यासारखं नाही. एक यार्ड हवा असेल तर बॉल सात यार्ड मागे उभ्या असलेल्या बॅकला देऊ नका. क्वार्टरबॅक स्नीक करा, म्हणजे क्वार्टरबॅकच बॉल घेऊन सरळ पुढे घुसतो. फिलाडेल्फिया ईगल्सनी २०२२पासून मागून ढकलून हा प्रकार इतका पक्का केला की त्यावर बंदी आणण्यासाठी लीगमध्ये मतदान झालं. तुमच्या सिममध्ये ढकलणं नसेल, पण साधा स्नीकही बाहेरच्या रनपेक्षा बरा.

सध्याची स्थिती

या सीझनचे नऊ सामने झालेत. चौथ्यानंतर वही काढली, पसरलेल्या फॉर्मेशनमधून पहिल्या डाउनला रन ७४ टक्क्यांवर गेला होता, ६०वर आणला. आठव्यानंतर पुन्हा काढली. काउंटरवर पलीकडचा लाइनबॅकर आता हलतच नाही, जागेवर उभा राहून वाट बघतो. तीन वेगवेगळ्या टीमांचा, म्हणजे कुणीतरी कुणाला सांगितलेलं दिसतंय, आणि माझा संशय टेक्सासवर आहे. तो थांबतोय म्हणजे उजवीकडचा साधा, सरळ रन पुन्हा मोकळा झालाय. काउंटर निम्म्यावर आणून तो वाढवलाय. बॅक तोच आहे, पाचव्या फेरीचा. पुढचा सामना भाच्याशी, गुरुवारी पहाटे.